पेटीतला ऐवज आणि पेटीचा भाव

वाचकांचे प्रश्न : गुंतवणूक

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे एकाच विषयाची आहेत. जी कंपनी केवळ इतर कंपन्यांचे समभाग बाळगते आणि जिचा बाजारभाव तिच्याजवळच्या मालमत्तेपेक्षा बराच कमी आहे, तिने स्वतःचेच समभाग परत विकत घेतले, म्हणजे रूढ शब्दांत बायबॅक केला, तर सामान्य भागधारकाचे त्यात नक्की काय होते, हा तो विषय होय. त्यामुळे या वेळी इतर पत्रे बाजूला ठेवली आहेत.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो आहे. माझ्याकडे एका गुंतवणूक कंपनीचे १२० समभाग आहेत. समूहातील दोन मोठ्या कंपन्यांचे समभाग सांभाळणे एवढाच तिचा उद्योग आहे. ताज्या अहवालानुसार दर समभागामागे सुमारे १००० रुपयांची मालमत्ता आहे, बाजारात भाव मात्र ४२० रुपये आहे. आपल्या १ कोटी समभागांपैकी २ लाख समभाग ५०० रुपयांनी परत घेण्याचे कंपनीने ठरवले असून त्यासाठी टपाली मतदान मागितले आहे. प्रवर्तकांकडे, म्हणजे कंपनीवर ताबा असलेल्या घराकडे, ७० टक्के समभाग आहेत आणि ते आपले समभाग देणार नाहीत. हजाराची वस्तू पाचशेला देणे शहाणपणाचे आहे का? आणि मुळात भाव निम्म्याहून खाली का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्यातच पहिल्याचे अर्धे उत्तर आहे. माझ्या आजोळी माडांचे एक भाट, म्हणजे बाग, आहे. त्याची इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधील कायदेशीर वाटणी, अजून झालेली नाही आणि पाच भावंडांचा त्यात सारखा वाटा आहे. पाडेली येतो, नारळ पाडतो, त्याची मजुरी वजा जाता उरलेले पैसे पाच घरांत वाटले जातात. रस्त्यालगतची ती जमीन मोकळी करून विकायला काढली तर भाव उत्तम येईल, याबद्दल गावात कोणालाच शंका नाही. पण पाचांपैकी एकाने आपला पाचवा हिस्सा तेवढा विकायचे म्हटले, तर बाहेरचा माणूस जमिनीच्या किमतीचा पाचवा भाग कधीच देणार नाही. मला तिथे घर बांधता येईल का, आणि उद्या विकायचे झाले तर बाकीचे चौघे सही करतील का, एवढे दोनच प्रश्न तो विचारतो, आणि दोन्हींची उत्तरे ऐकल्यावर तो जमिनीचा भाव सोडून नारळांच्या उत्पन्नाचा हिशेब करू लागतो.

तुमच्या कंपनीबाबत बाजार नेमके हेच करत आहे. दर समभागामागचे १००० रुपये कागदावर खरे आहेत, परंतु ते तुमच्यापर्यंत पोहोचण्याची वाट प्रवर्तकांच्या अंगणातून जाते. समूहावरची पकड टिकवण्यासाठीच ते समभाग कंपनीत ठेवलेले असल्यामुळे ते विकले जाण्याचा संभव कमी असतो. कंपनी रिझर्व्ह बँकेच्या व्याख्येनुसार 'कोअर इन्व्हेस्टमेंट कंपनी' असेल, तर तिच्या निव्वळ मालमत्तेपैकी किमान ९० टक्के भाग समूहातील कंपन्यांमध्येच आणि किमान ६० टक्के भाग त्यांच्या समभागांत असावा लागतो. म्हणजे मोकळी रोकड फार नसणे हेच अशा कंपनीचे लक्षण झाले. शिवाय समभाग विकलेच, तर नफ्यावर कर द्यावा लागेल. सूचीबद्ध समभागांवरील दीर्घ मुदतीच्या नफ्याचा दर २३ जुलै २०२४ पासून १२.५ टक्के आहे. ३१ जानेवारी २०१८ पर्यंतच्या वाढीला त्यात संरक्षण असले, तरी त्यानंतरची वाढ काही थोडी नाही. अहवालातील १००० रुपयांतून हा संभाव्य कर वजा केलेला आहे की नाही, हे टिपांमध्ये पाहावे. तो वजा केलेला नसेल, तर खरी तफावत दिसते तेवढी मोठी नाही.

आता बायबॅककडे येऊ. भाटाच्या भाषेत सांगायचे, तर नारळांच्या साठलेल्या पैशांतून चौघांनी पाचव्याचा हिस्सा जमिनीच्या भावापेक्षा स्वस्तात घेतला आणि भाट आता चौघांचे झाले. जाणाऱ्याने जेवढे कमी घेतले तेवढे राहणाऱ्यांच्या पदरात पडले, यात हातचलाखी काही नाही. तुमच्या कंपनीची मालमत्ता १००० कोटी रुपये धरली, तर २ लाख समभाग ५०० रुपयांनी घेण्यासाठी १० कोटी रुपये जातील. उरलेले ९९० कोटी ९८ लाख समभागांत विभागले की दर समभागामागे सुमारे १०१० रुपये येतात. राहणाऱ्याचा लाभ झाला तो एवढाच, दर समभागामागे १० रुपये, म्हणजे एक टक्का. बाजार जर त्या मालमत्तेला शेकडा ४२ च्याच हिशेबाने मोजत राहिला, तर भावात त्यातले जेमतेम ४ रुपये उतरतील.

मग अधिक मोठा बायबॅक का करत नाहीत? इथे कायद्याची एक बाजू आहे, जी माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली आहे आणि जिची चर्चा फारच कमी होते. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम ६८ नुसार भरणा झालेले भांडवल आणि मुक्त राखीव निधी, म्हणजे लाभांश म्हणून वाटता येण्याजोगी शिल्लक, यांच्या बेरजेच्या २५ टक्क्यांपर्यंतच बायबॅक करता येतो, आणि त्यातल्या १० टक्क्यांपलीकडे जायचे असेल तर भागधारकांचा विशेष ठराव लागतो. परंतु 'मुक्त राखीव निधी' या शब्दांच्या व्याख्येत, म्हणजे कलम २(४३) मध्ये, प्रत्यक्षात न आलेला नफा आणि मालमत्तेच्या मूल्यातील कागदी वाढ धरायची नाही, असे स्पष्ट सांगितले आहे. गुंतवणूक कंपनीची जवळजवळ सगळी श्रीमंती नेमकी याच कागदी वाढीत असते. समजा तुमच्या कंपनीचे भांडवल १० कोटी आणि मुक्त निधी ६० कोटी आहे; मालमत्ता १००० कोटींची असली तरी बायबॅकची कमाल मर्यादा साडेसतरा कोटी ठरते, आणि १० कोटींसाठीही, ते ७ कोटींच्या वर असल्यामुळे, ठराव घ्यावा लागतो. तुमच्याकडे टपाली मतदानाचा कागद आला तो बहुधा याच हिशेबामुळे. साडेसतरा कोटी पूर्ण खर्चले तरी दर समभागाची मालमत्ता १०१८ रुपयांच्या वर जात नाही. थोडक्यात, हत्तीला शिंपल्याने पाणी घालण्यासारखा हा प्रकार आहे. पाणी खरे असते, पण अंघोळ होत नाही.

एकाच गोष्टीने चित्र बदलू शकते, ती म्हणजे काही समभाग प्रत्यक्ष विकून, नफा पदरात पाडून आणि त्यावर कर भरून त्या पैशांतून बायबॅक करणे. विक्रीनंतर कागदी वाढ खऱ्या निधीत येते आणि मर्यादाही वर सरकते. नेदरलँड्समधील गुंतवणूक कंपनी प्रोसस आणि तिची दक्षिण आफ्रिकेतील पालक कंपनी नॅस्पर्स यांनी जून २०२२ पासून हाच मार्ग धरला. चीनच्या टेन्सेंट या इंटरनेट कंपनीतील आपले समभाग थोडे थोडे विकायचे आणि त्या पैशांतून स्वतःचे स्वस्त समभाग उचलायचे, असा तो कार्यक्रम आहे. त्याने तफावत बरीच खाली आली. ती नाहीशी मात्र झाली नाही. आपल्याकडील प्रवर्तक हे सहसा करणार नाहीत, कारण त्यांच्या दृष्टीने ते समभाग म्हणजे विकायचा माल नसून घराची चावी असते.

आता तुमचे १२० समभाग. पात्रता दिनांकाला, म्हणजे कोण भागधारक धरायचा हे ठरवणाऱ्या तारखेला, ज्यांच्याकडे २ लाख रुपयांपर्यंतचे समभाग आहेत त्यांना सेबी या शेअर बाजार नियंत्रकाच्या नियमांत लहान भागधारक मानतात आणि निविदा पद्धतीच्या, म्हणजे ठरलेल्या भावाने अर्ज मागवून केलेल्या, बायबॅकमधील १५ टक्के, किंवा त्यांच्या एकूण धारणेप्रमाणे येणारा हिस्सा, यांपैकी जो अधिक तो त्यांच्यासाठी राखीव असतो. तुमचे समभाग ५०,४०० रुपयांचे आहेत, म्हणजे तुम्ही या गटात बसता. २ लाखांपैकी ३० हजार समभाग राखीव झाले आणि सर्व लहान भागधारकांकडे मिळून ३ लाख समभाग असले, तर तुमची हक्काची पात्रता दहात एक, म्हणजे १२ समभागांची होईल. इतरांनी अर्ज केले नाहीत, तर अधिकही घेतले जातील. बाजारात विकण्याऐवजी बायबॅकमध्ये १२ समभाग दिल्यास ९६० रुपये अधिक मिळतात. हजाराची वस्तू पाचशेला द्यावी का, असे तुम्ही विचारता. मात्र हजार देणारा गिऱ्हाईक दारात नसताना तुलना हजाराशी करून उपयोग नाही, ती ४२० शी करावी, आणि तीही पुढच्या उत्तरातील कराचा भाग वाचल्यावर करावी.

ठरावाला मी तुमच्या जागी असतो तर होकार दिला असता. रोकड मुदत ठेवीत पडून राहण्यापेक्षा ती ५०० रुपयांत १००० ची मालमत्ता घेण्यासाठी वापरली जाणे बरे. प्रवर्तकांनी समभाग न दिल्यामुळे त्यांचा वाटा ७० वरून ७१.४ टक्क्यांवर जाईल, तो ७५ टक्क्यांच्या मर्यादेत बसतो. ज्या कंपन्यांत प्रवर्तक आधीच ७५ च्या काठावर आहेत, तिथे त्यांनी बाजूला राहून बायबॅक करणे शक्यच होत नाही.

प्रश्न : बायबॅकमध्ये मिळालेल्या रकमेवर भागधारकाला कर नसतो, असे मला पूर्वी सांगितले गेले होते. माझ्या लेखापालांनी आता वेगळेच सांगितले. त्यापेक्षा कंपनीने सरळ लाभांश का देऊ नये? (एक निवृत्त शिक्षिका, मडगाव)

उत्तर : दोघेही आपापल्या काळापुरते बरोबर आहेत. ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत बायबॅकवरचा कर कंपनी भरत असे, मूळ दर २० टक्के आणि वर अधिभार, आणि भागधारकाच्या हातात येणारी रक्कम करमुक्त असे. १ ऑक्टोबर २०२४ पासून मिळालेली संपूर्ण रक्कम लाभांश मानली जाऊ लागली. यातली मेख 'संपूर्ण' या शब्दात होती. त्या नियमाखाली तुम्ही ३०० रुपयांना घेतलेला समभाग ५०० ला दिलात, तर नफा २०० चा असूनही कर ५०० वर, तुमच्या उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे लागे; खरेदीचे ३०० रुपये भांडवली तोटा म्हणून वेगळे नोंदवायचे आणि तो तोटा पुढील ८ वर्षांत कधी भांडवली नफा झाला तर त्यातून वळता करायचा. ३० टक्क्यांच्या टप्प्यातील माणसाच्या हातात ५०० पैकी ३५० च राहत, तर बाजारात विकले असते तर ४२० मिळून कर फक्त वरच्या १२० रुपयांच्या नफ्यावर लागला असता. म्हणजे बाजारापेक्षा ८० रुपये जास्त देणारा बायबॅक अशा माणसाला प्रत्यक्षात तोट्यात टाकत असे, आणि ज्याचे उत्पन्न करपात्र मर्यादेखाली आहे त्याला मात्र तो चांगलाच पडत असे. फोंड्याच्या वाचकांनी, आपला बायबॅक त्या काळातला असेल तर, हे वाक्य आपल्या पेन्शनच्या आकड्याशी ताडून पाहावे.

फेब्रुवारी २०२६ च्या अर्थसंकल्पात ही आकारणी १ एप्रिल २०२६ पासून पुन्हा भांडवली नफ्याकडे वळवण्याचा आणि प्रवर्तकांवर अतिरिक्त कर लावण्याचा प्रस्ताव मांडला गेला. त्यामुळे तुमचा बायबॅक कोणत्या तारखेचा आहे, हे लेखापालांना पहिल्याच वाक्यात सांगा.

आपल्या गोव्यात याला आणखी एक पदर आहे, जो मुंबई-पुण्याच्या सल्लागारांच्या ध्यानीमनीही नसतो. पोर्तुगीज नागरी कायद्यातील पती-पत्नीच्या समाईक मालमत्तेची पद्धत ज्यांना लागू आहे, त्यांचे पगाराखेरीज इतर उत्पन्न आयकर कायद्यानुसार (१९६१ च्या कायद्यात हे कलम ५अ होते) दोघांमध्ये समसमान विभागले जाते. समभाग तुमच्या एकटीच्या डीमॅट खात्यात असले तरी त्यांचा लाभांश अर्धा तुमच्या आणि अर्धा यजमानांच्या विवरणपत्रात दाखवायचा असतो, आणि त्यासाठी विवरणपत्रात स्वतंत्र तक्ता आहे. उत्पन्न दोन ठिकाणी विभागले गेल्याने पुष्कळदा कराचा टप्पाही खाली येतो. विवाहपूर्व करार करून मालमत्ता वेगळ्या ठेवलेल्या असतील, तर हे लागू होणार नाही. गेल्या वर्षी माझ्याच घरचे विवरणपत्र भरताना हा तक्ता कोरा राहिला होता आणि तो दुरुस्त करण्यात चवथीच्या आधीचा अख्खा आठवडा गेला, म्हणून हे जरा विस्ताराने लिहिले.

लाभांश की बायबॅक, या प्रश्नाचे उत्तर भावावर अवलंबून आहे. लाभांश सर्वांना सारखा मिळतो आणि त्याने कोणाचा वाटा बदलत नाही. बायबॅक मालमत्तेपेक्षा स्वस्तात झाला तरच राहणाऱ्याच्या हिताचा असतो. भाव मालमत्तेच्या वर असताना केला, तर तोच हिशेब उलटा फिरतो आणि जाणारा राहणाऱ्यांच्या खिशातून घेऊन जातो.

प्रश्न : लंडनच्या बाजारातील इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट, म्हणजे लोकांच्या पैशांतून इतर कंपन्यांचे समभाग बाळगणाऱ्या सूचीबद्ध कंपन्या, जवळजवळ रोज स्वतःचे समभाग खरेदी करतात, असे मी वाचले. तफावत पाच-दहा टक्क्यांपलीकडे गेली की तिथले संचालक मंडळ हालचाल करते. आपल्याकडे ५० टक्के तफावत असूनही सगळे शांत कसे? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : तिथेही ही सवय जुनी नाही. १८६८ मध्ये फॉरेन अँड कलोनियल हा पहिला ट्रस्ट निघाला, पण १८८७ मधील ट्रेव्हर विरुद्ध व्हिटवर्थ या खटल्यात कंपनीने स्वतःचे समभाग घेऊ नयेत, असा निकाल लागला आणि तो जवळपास शतकभर टिकला. १९८१ च्या कायद्याने वाट उघडली, १९९९ मध्ये कराची अडचण दूर झाली आणि २००३ च्या डिसेंबरपासून परत घेतलेले समभाग रद्द न करता तिजोरीत ठेवून नंतर पुन्हा विकण्याची मुभा मिळाली. आज बहुतेक ट्रस्ट वार्षिक सभेत १४.९९ टक्क्यांपर्यंत खरेदीची परवानगी घेऊन ठेवतात. स्कॉटिश मॉर्गेज या ट्रस्टने मार्च २०२४ मध्ये दोन वर्षांत किमान १ अब्ज पौंडांची खरेदी जाहीर केली. पर्सनल ॲसेट्स ट्रस्टसारखे काही तर भाव मालमत्तेखाली गेला की घेतात आणि वर गेला की नवे समभाग देतात, म्हणजे विहिरीच्या रहाटासारखे दोन्ही बाजूंनी काम चालते.

आपल्याकडे हा रहाट बसवताच येत नाही. बायबॅक १९९८ पासून कायदेशीर झाला खरा, पण परत घेतलेले समभाग सात दिवसांत नष्ट करावे लागतात, एका बायबॅकनंतर दुसऱ्यासाठी वर्षभर थांबावे लागते, आणि खुल्या बाजारातून थोडे थोडे घेण्याचा मार्ग सेबीने टप्प्याटप्प्याने आवळत नेऊन एप्रिल २०२५ पासून बंद केला. त्याहून मोठा फरक मालकीचा आहे. लंडनच्या ट्रस्टला प्रवर्तक नसतो. त्याच्या पेटीत शंभरेक कंपन्यांचे समभाग असतात, आणि संचालक मंडळाने कानाडोळा केला तर बाहेरचा कोणी येऊन सभा बोलावतो. न्यूयॉर्कच्या साबा कॅपिटल या गुंतवणूक संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये एकदम सात ट्रस्टच्या संचालकांना हटवण्यासाठी असे ठराव मांडले. भागधारकांनी ते सगळे फेटाळले, पण संचालकांची झोप मात्र उडाली. ७० टक्के मते एकाच घरात असलेल्या कंपनीत असा ठराव कोण मांडणार?

म्हणून आपल्याकडची शांतता आळसाची कमी आणि रचनेची अधिक आहे. मात्र लंडनचे सगळेच अनुकरणीय आहे, असे मी म्हणणार नाही. सतत बायबॅक करणारा ट्रस्ट लहान होत जातो, व्यवस्थापनाचा खर्च उरलेल्यांवर पडतो, डोक्यावर कर्ज असेल तर त्याचे प्रमाण वाढते, आणि आधी सहज विकले जाणारे समभाग विकले गेल्यामुळे पेटीच्या तळाशी न खपणारा माल राहतो.

वडीलधाऱ्या वाचकांना १९९४ च्या जानेवारीतील मॉर्गन स्टॅनली ग्रोथ फंड ही म्युच्युअल फंड योजना आठवत असेल. अर्जांसाठी रांगा लागल्या होत्या. पुढे त्या युनिटचा बाजारभाव वर्षानुवर्षे मालमत्तेच्या खालीच घुटमळला. पण त्याला १५ वर्षांची मुदत होती. मुदतीला पूर्ण मूल्य मिळणार हे ठाऊक असल्यावर तारीख जवळ येईल तशी तफावत आपोआप वितळते. तफावतीवर माझ्या पाहण्यात याहून प्रभावी औषध नाही, आणि आपल्या गुंतवणूक कंपन्यांना अशी अखेरची तारीख नसते.

प्रश्न : एल्सिड इन्व्हेस्टमेंट्सचा समभाग एका दिवसात साडेतीन रुपयांवरून दोन लाखांवर गेला. अशा आणखी कंपन्या शोधून ठेवाव्यात का? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : तो भाव वाढला नव्हता, तो पहिल्यांदाच मोजला गेला होता. कंपनीचे समभाग अवघे २ लाख, तिच्याकडे एशियन पेंट्सचा जवळपास ३ टक्के हिस्सा, आणि ३.५३ रुपयांना कोणीच विकत नसल्यामुळे व्यवहार ठप्प. सेबीने जून २०२४ मध्ये अशा गुंतवणूक कंपन्यांसाठी भावाची मर्यादा नसलेल्या विशेष लिलावाची सोय केली आणि २९ ऑक्टोबर २०२४ रोजी भाव २,२५,००० वर उघडून २,३६,२५० पर्यंत गेला. साडेतीन रुपयांत त्या आदल्या दिवशीही कोणाला मिळाला नसता, म्हणून हळहळण्याचे कारण नाही. आणि दर समभागामागे पुस्तकी मूल्य तेव्हा सुमारे ५.८५ लाख होते, म्हणजे लिलावानंतरही तफावत साठ टक्क्यांच्या घरात उरलीच.

प्रश्न : बायबॅकसाठी दिलेले पण न स्वीकारलेले समभाग परत मिळतात का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : मिळतात. अर्ज करताना ते डीमॅट खात्यात अडवून ठेवले जातात आणि जेवढे स्वीकारले तेवढेच वळते होऊन बाकीचे मोकळे होतात. अर्ज ब्रोकरमार्फतच करायचा असतो. कागदी प्रमाणपत्रे असतील तर ती आधी डीमॅट करून घेणे सोपे पडते, आणि त्याला वेळ लागतो, म्हणून पात्रता दिनांक जाहीर होण्याची वाट पाहू नये.